बेडलिंग्टनचा संकर: कामाचा लर्चर कसा निवडतात आणि पुढची पिढी कशी बिघडते

इंग्लंडच्या उत्तरेला राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांना एक कुत्रा हमखास कोड्यात टाकतो. अंगकाठी शर्यतीच्या ग्रेहाउंडसारखी सडपातळ, छाती खोल, पोट आत गेलेलं. पण तोंडावर दाढी-मिशा आणि अंगभर विस्कटलेले राखाडी केस. मालकाला विचारलं तर तो ‘बेडलिंग्टन-व्हिपेट’ (बेडलिंग्टन टेरियर आणि ग्रेहाउंडसारखाच पण लहान असा व्हिपेट यांचा संकर) म्हणतो किंवा नुसतं ‘लर्चर’. मग आपण जातींच्या यादीत लर्चर शोधतो आणि तो सापडत नाही.

सापडणारही नाही, कारण लर्चर ही जात नाही. जाहिरातींत मात्र ती जात असल्यासारखीच विकली जाते: ‘निरोगी संकर’, ‘केस न गळणारा’, ‘दुर्मीळ निळा रंग’. दुसरीकडे, कुत्र्यांनी करायच्या शिकारीचे ब्रिटनमधले कायदे गेल्या काही वर्षांत आणखी कडक झाले आहेत. मग हा कुत्रा नेमका कशासाठी पाळायचा, असा प्रश्न तिथले लोकही विचारू लागले आहेत. पिल्लू घ्यायचं असो वा नसो, दोन जातींचा संकर केल्यावर प्रत्यक्षात काय होतं, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

लर्चर म्हणजे कोण?

ग्रेहाउंड, व्हिपेट, सलुकी हे कुत्रे वासापेक्षा नजरेवर चालतात. दूरवर हललेलं काही दिसलं की सुसाट सुटतात. अशा धावणाऱ्या कुत्र्याचा संकर एखाद्या कामकरी जातीशी, म्हणजे मेंढपाळी कोलीशी किंवा टेरियरशी केला की जे होतं तो लर्चर. टेरियर म्हणजे बिळात शिरून उंदीर, घुशी, कोल्हे हुसकावणारा लहान, हट्टी कुत्रा.

हा संकर गरिबांच्या घरी वाढला. इंग्लंडमध्ये शिकार हा शतकानुशतकं जमीनदारांचा हक्क होता. १६७१ च्या शिकार कायद्याने पुरेशी जमीन-मालमत्ता नसलेल्या माणसाला बंदूक, जाळी, ग्रेहाउंड आणि लर्चर बाळगायलाही मनाई केली. कायद्यात त्याचं नाव ग्रेहाउंडच्या बरोबरीने आलं, यावरून खेड्यापाड्यांत तो किती कामाचा होता हे कळतं. भुरट्या शिकाऱ्याला वेग हवा होता, पण त्याबरोबर अक्कल, शांतपणा आणि काटेरी कुंपणात शिरायची हिंमतही हवी होती. शुद्ध ग्रेहाउंडमध्ये हे सगळं एकत्र मिळत नाही.

मग त्यात बेडलिंग्टनच का?

बेडलिंग्टन हे इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, नॉर्थंबरलंडमधलं गाव. तिथे कोळशाच्या खाणी होत्या आणि लोखंडाचा कारखाना होता. त्या भागातल्या टेरियरना आधी रॉथबरी टेरियर म्हणत. जोसेफ एन्स्ली या गवंड्याने १८२५ च्या सुमारास आपल्या कुत्र्याला बेडलिंग्टन टेरियर म्हटलं आणि ते नाव टिकलं. आज प्रदर्शनांत हा कुत्रा केस कातरून कोकरासारखा सजवलेला दिसतो, त्यामुळे त्याच्या कामाबद्दल लोकांचा पार गैरसमज होतो. मुळात तो खाणकामगारांचा कुत्रा: उंदीर मारणारा, ससे हुसकावणारा आणि वेळ आली तर माघार न घेणारा.

त्याची घडण इतर टेरियरपेक्षा वेगळी आहे. पाय लांब, पाठ कमरेपाशी कमानदार, चाल हलकी. पूर्वी कधीतरी त्याच्यात व्हिपेटचं रक्त मिसळलं असावं, असं मानतात. त्यामुळे धावणाऱ्या कुत्र्याशी संकर करताना जॅक रसेलसारख्या आखूड पायांच्या टेरियरपेक्षा बेडलिंग्टन अधिक जुळतो आणि पिल्लांत वेग कमी घसरतो. त्याच्याकडून नाक मिळतं, चिवटपणा मिळतो, थोडं जाड कातडं मिळतं आणि खरखरीत केस मिळतात. व्हिपेटचं कातडं इतकं पातळ असतं की काटेरी तारेवरून एक उडी चुकली तर टाके घालायला न्यावं लागतं.

फुकट काहीच मिळत नाही. टेरियरबरोबर हट्ट येतो, इतर कुत्र्यांशी भांडायची खोड येते आणि काही पिल्लांत धावताना भुंकायची सवय येते. लर्चरमध्ये भुंकणं हा मोठा दोष मानतात, कारण एका भुंकण्याने सगळं शिवार सावध होतं.

काम कोणतं? इथूनच निवड सुरू होते

संकर कोणता हवा, हे ठरवण्याआधी कुत्र्याने करायचं काय, हे ठरवावं लागतं आणि ते आज मुख्यतः कायदा ठरवतो. ब्रिटनमध्ये दोन प्रकारचे ससे आहेत. रॅबिट हा बिळं खणून गटाने राहतो आणि पिकांची नासाडी करतो. हेअर हा उघड्या शेतात राहणारा, लांब पायांचा, फार वेगवान रानससा. ग्रेहाउंडचं रक्त जास्त असलेले मोठे लर्चर पूर्वी हेअरमागे सोडत.

२००४ चा हंटिंग ॲक्ट १८ फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू झाला. कुत्र्यांनी वन्य सस्तन प्राण्यांची शिकार करणं त्याने गुन्हा ठरवलं. मोजके अपवाद ठेवले, त्यांत रॅबिट आणि उंदीर येतात, तेही जमीनमालकाची परवानगी असेल तरच. हेअरमागे कुत्रे सोडण्याबद्दलच्या शिक्षा २०२२ मध्ये आणखी वाढवल्या. स्कॉटलंडने २०२३ मध्ये स्वतःचा नवा कायदा केला आणि त्यात रॅबिटलाही वन्य सस्तन प्राण्यांत धरलं, त्यामुळे तिथले नियम इंग्लंडहून कडक आहेत. सीमा ओलांडली की कालचं कायदेशीर काम आज गुन्हा होऊ शकतं.

त्यामुळे इंग्लंडमधल्या लर्चरसाठी खरं काम उरतं ते रॅबिटचं. ते दोन प्रकारे चालतं. एकात बिळात फेरेट सोडतात. फेरेट म्हणजे मुंगसासारख्या लांबट अंगाचा पाळीव प्राणी. त्याच्या भीतीने ससे बाहेर पडतात, काही तोंडाशी लावलेल्या जाळ्यांत अडकतात आणि सुटलेल्यांना कुत्रा गाठतो. दुसऱ्यात रात्री शेतात प्रखर दिव्याचा झोत टाकतात आणि झोतात दिसलेल्या सशामागे कुत्रा जातो.

बेडलिंग्टन-व्हिपेट खरा शोभतो तो पहिल्या कामात. बिळाच्या तोंडाशी नाक लावून आत ससा आहे की नाही, हे तो सांगतो: असेल तर स्तब्ध उभा राहतो, नसेल तर पुढे जातो. नुसता व्हिपेट हे शिकतो, पण टेरियरचं रक्त असलेला चटकन शिकतो. शिवाय इथे धाव पन्नास-शंभर पावलांचीच असते. तिथे मोठ्या कुत्र्याचा उपयोग नाही. चटकन वळणारा, कुंपणाखालून निसटणारा लहान कुत्रा हवा.

बेडलिंग्टनची उंची खांद्यापाशी साधारण ४१ सेंटीमीटर, व्हिपेट नराची ब्रिटिश मानकानुसार ४७ ते ५१. पिल्लं बहुधा या दोहोंच्या मधे बसतात आणि ती उंची रॅबिटच्या कामाला अगदी योग्य आहे. बेडलिंग्टन-ग्रेहाउंड यापेक्षा बराच मोठा निघतो. मोकळ्या शेतातल्या रात्रीच्या कामाला तो चालतो, पण झुडपांत आणि बिळांवर अडखळतो. घरात जागा आणि खाणंही त्याला जास्त लागतं. हेअरची शिकार बंद झाल्यावर मोठ्या लर्चरची गरज खरं तर कमी व्हायला हवी होती. अनेक जण तरीही उंचीच्या मोहात पडतात आणि मला ते चुकीचं वाटतं.

पहिली पिढी छान निघाली, मग तिचीच पिल्लं का नको?

बहुतेक गोंधळ इथे होतो. शेतकऱ्याला हे कुत्र्यांच्या हौशी पाळकापेक्षा लवकर कळेल. संकरित ज्वारीचं किंवा कापसाचं बियाणं दर हंगामाला नवं घ्यावं लागतं, घरचं राखून चालत नाही. पहिल्या पिढीचं पीक एकसारखं येतं; त्याचंच बी पेरलं तर शेतात उंच, बुटकं, लवकर येणारं, उशिरा येणारं असं सगळं मिसळून उगवतं. शुद्ध बेडलिंग्टन आणि शुद्ध व्हिपेट यांच्या पहिल्या संकराचंही साधारण असंच असतं. प्रत्येक पिल्लाला अर्धं एकाकडून आणि अर्धं दुसऱ्याकडून मिळतं, म्हणून एका वेतातली पिल्लं बऱ्यापैकी सारखी दिसतात. कुत्र्यांच्या जाती बियाण्यांच्या वाणांइतक्या एकजिनसी नसल्यामुळे हा सारखेपणा तितका पक्का नसतो, एवढंच.

दोन पहिल्या संकरांची जोडी लावली की मात्र पत्ते पुन्हा पिसले जातात. एक पिल्लू जवळजवळ व्हिपेट निघतं, दुसरं आखूड पायांचं टेरियर, तिसऱ्याला व्हिपेटचं पातळ कातडं आणि टेरियरचा हट्ट. यांतली एक-दोन उत्तम असू शकतात, पण बाकीच्यांचं काय, हा प्रश्न पिल्लं जन्मायच्या आधी विचारायचा असतो. ब्रिटनमधल्या प्राणी आसरागृहांत लर्चर मोठ्या संख्येने येतात, त्यामागे हा उत्साहही असतो.

अनुभवी लोक म्हणून वेगळा मार्ग घेतात. पहिला संकर पुन्हा शुद्ध व्हिपेटला देतात. मग पिल्लांत तीन चतुर्थांश व्हिपेट येतो, वेग वाढतो आणि टेरियरचा थोडा अंश उरतो. उलट दिशेने, म्हणजे बेडलिंग्टनचा वाटा तीन चतुर्थांशावर नेला, तर निघतो तो थोडा चपळ टेरियर. झुडपातल्या कामाला तो चांगला, पण उघड्यावर ससा गाठणं त्याला अवघड.

संकर म्हणजे आपोआप निरोगी ना?

अर्धं खरं आहे आणि उरलेलं अर्धं न कळल्यामुळे कुत्री मरतात, म्हणून इथे जरा थांबू.

बेडलिंग्टनमध्ये एक जुना आनुवंशिक आजार आहे. अन्नातलं तांबं यकृतातून पित्तावाटे बाहेर जायला हवं. या कुत्र्यांत ते जात नाही आणि यकृतात साठत राहतं. निरोगी कुत्र्याच्या यकृतात सुक्या वजनाच्या दर ग्रॅममागे साधारण ४०० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबं असतं. बाधित बेडलिंग्टनमध्ये ते काही हजारांवर जातं. कुत्रा वर्षानुवर्षं ठीक दिसतो आणि मग खाणं सोडतो, वाळतो, काविळीने पिवळा पडतो. काही जण एखाद्या ताणानंतर, जसं की विण्यानंतर, अचानक कोसळतात. तोवर यकृत निकामी झालेलं असतं. लवकर कळलं तर तांबं बाहेर काढणारी औषधं, जस्त आणि कमी तांब्याचा आहार देऊन सांभाळता येतं, पण औषध जन्मभर चालतं.

२००२ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी या आजारामागचं जनुक ओळखलं. आज त्याला कॉमडी-वन म्हणतात. बाधित कुत्र्यांत या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. आधी खात्री करायला यकृताचा तुकडा काढून तपासावा लागे. आता गालाच्या आतून घेतलेला बोळा प्रयोगशाळेत पाठवला की काम होतं.

हा दोष अप्रभावी आहे. म्हणजे आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो. एकच आली तर कुत्रा स्वतः निरोगी राहतो, पण दोष पुढे देऊ शकतो. त्याला वाहक म्हणू. व्हिपेटमध्ये हा दोष नसतो असं धरलं, तर बेडलिंग्टन-व्हिपेटच्या पहिल्या पिढीत कोणालाच आजार होणार नाही. ‘संकर निरोगी असतो’ या म्हणण्याचं खरं अर्धं ते हे.

पण बेडलिंग्टन पालक बाधित असेल, तर पहिल्या पिढीतलं प्रत्येक पिल्लू वाहक असतं. अशा दोन वाहकांची जोडी लावली की सरासरीने चारांतलं एक पिल्लू बाधित, दोन वाहक आणि एक दोषापासून पूर्ण मोकळं. वाहक संकर पुन्हा वाहक बेडलिंग्टनला दिला तरी गणित तेच. बाधित बेडलिंग्टनला दिला तर धोका वाढून सरासरीने निम्मी पिल्लं बाधित निघतात. पिल्लाला ‘बेडलिंग्टन लर्चर’ म्हणून विकलं, त्याची आजी कोण हे कुणी विचारलं नाही आणि पाच वर्षांनी यकृत गेलं, असं होऊ शकतं. तेव्हा बेडलिंग्टन रक्ताच्या दोन कुत्र्यांची जोडी लावायची असेल, तर दोघांपैकी निदान एकाची तपासणी मोकळी असल्याचा कागद हातात हवा. पशुवैद्याने कुत्र्याला चांगलं म्हणणं इथे पुरत नाही, कारण वाहक दिसायला चांगलाच असतो.

या तपासणीलाही मर्यादा आहे. हा तुकडा शाबूत असूनही तांबं साठलेली काही बेडलिंग्टन कुत्री सापडली आहेत. त्यामुळे मोकळा निकाल धोका खूप कमी करतो, शून्य करत नाही.

हेच गणित व्हिपेटच्या बाजूनेही लागू पडतं. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणाऱ्या मायोस्टॅटिन या जनुकात काही शर्यतीच्या व्हिपेटमध्ये बिघाड असतो. एक प्रत बिघडलेली असेल तर कुत्रा अधिक स्नायूदार असतो आणि अशी कुत्री सर्वांत वेगवान गटांत जास्त आढळली, असं २००७ मध्ये दिसून आलं. दोन्ही प्रती बिघडल्या तर कुत्रा पैलवानासारखा फुगतो आणि धावायच्या कामाचा राहत नाही. वेगाच्या हव्यासाने असाच व्हिपेट वापरायचा आणि पुढे त्याचीच नातवंडं एकमेकांना द्यायची, म्हणजे हा डाव पुन्हा खेळणं आहे.

केस खरंच गळत नाहीत?

शुद्ध बेडलिंग्टनचे केस मऊ आणि राठ असे मिसळलेले असतात आणि ते खरोखर फार कमी गळतात. पण न गळणारे केस वाढत राहतात, म्हणून दर काही आठवड्यांनी कातरावे लागतात.

संकरात काय होतं? दाढी-मिशा देणारं जनुक प्रभावी आहे, म्हणजे त्याची एक प्रत आली तरी ते दिसतं. म्हणून पहिल्या पिढीत जवळपास सगळी पिल्लं दाढीवाली निघतात. तीच पुन्हा व्हिपेटला दिली की साधारण निम्मी दाढीवाली आणि निम्मी गुळगुळीत. केस गळण्यावर या जनुकाचा परिणाम होतो, पण ते इतर जनुकांवरही अवलंबून असतं, त्यामुळे दाढी आहे म्हणून सोफ्यावर केस पडणार नाहीत, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ॲलर्जी असलेल्या घरात तर आधी त्याच कुत्र्याबरोबर काही तास घालवून बघावेत.

कामाच्या दृष्टीने राठ, आखूड केस सर्वांत चांगले. लोकरीसारखे मऊ केस आले की पावसात भिजून जड होतात, कुसळं अडकतात, बर्फाचे गोळे चिकटतात. पिल्लाच्या गोंडस रूपावरून हे कळत नाही. आई-बापांच्या केसांवरून थोडा अंदाज येतो.

रंगाचं थोडक्यात. निळा बेडलिंग्टन काळा जन्मतो आणि वाढताना राखाडी-निळा होतो. कामाशी त्याचा काडीचा संबंध नाही आणि त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

पण हे क्रूर नाही का?

हा आक्षेप प्रामाणिक आहे. ससा मरतो, हे लपवण्यात अर्थ नाही. रॅबिटची बाजू अशी की इंग्लंडमध्ये १९५४ च्या कीड नियंत्रण कायद्यानुसार जमीन वहिवाटणाऱ्यावर सशांना आवर घालण्याची जबाबदारी आहे आणि विषारी वायू, बंदूक, सापळा हे पर्यायही मृत्यूचेच आहेत. १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस हा रोग तिथे पोचला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याने बहुसंख्य ससे मारले. डोळे सुजून, आंधळे होऊन, दिवसेंदिवस कुढत मरणाऱ्या त्या सशांच्या तुलनेत शिकवलेल्या कुत्र्याने क्षणात केलेला अंत कमी वेदनेचा, असं मी मानतो. पण तो कुत्रा शिकवलेला हवा, परवानगी हवी आणि पकडलेला ससा खाल्ला जावा. मौजेसाठी हेअरमागे कुत्रे पळवणं आणि त्यावर पैजा लावणं यांना यात जागा नाही.

आपल्याकडे असं काही करावं का?

नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानसशालाही संरक्षण आहे. आपला ससा बाहेरून आणून सुटलेली कीड नाही, तो इथलाच प्राणी आहे आणि त्याच्यामागे कुत्रा सोडणं गुन्हा आहे. लर्चरचं काम इथे नाही, म्हणून लर्चरही नको.

धावणारे कुत्रे आपल्याकडे आहेतच. सोलापूर, लातूर, सांगलीकडचा करवानी आणि कर्नाटकातला त्याचाच भाऊ मुधोळ हे राखणीला आणि उष्णतेला सरावलेले आहेत. भारतीय सैन्याने २०१६ मध्ये मुधोळ कुत्री मेरठला प्रशिक्षणाला घेतली. यांचा संकर परदेशी हौशी जातींशी करून ‘नवीन जात’ विकायची टूम निघाली, तर वरचं सगळं गणित तिथेही लागू होईल: पहिलं वेत देखणं आणि दुसऱ्यापासून कुणाचाच भरवसा नाही.

ब्रिटनमध्ये राहत असाल आणि घ्यायचाच असेल तर

आई-बाप दोघांनाही प्रत्यक्ष बघा, निदान आईला तरी. ती कामावर कशी वागते, मेंढ्यांजवळून शांत जाते का, हाक मारल्यावर येते का, हे पाहा. निदान दोन हंगाम काम केलेल्या कुत्रीचीच पिल्लं घ्यावीत, कारण त्याआधी तिचे दोष उघड होत नाहीत. बेडलिंग्टन बाजूच्या पालकाचा कॉमडी-वन तपासणीचा आणि डोळ्यांच्या तपासणीचा कागद मागा. पिल्लाला चिप बसवलेली हवी. आठ आठवड्यांच्या आत ती बसवणं तिथे २०१६ पासून सक्तीचं आहे. इंग्लंडमध्ये वर्षाला तीन किंवा अधिक वेतं काढणाऱ्याला परवाना लागतो आणि २०२० पासून मधला दलाल सहा महिन्यांखालचं पिल्लू विकू शकत नाही. विकणारा गाडीतून पिल्लू आणून वाटेत देतो म्हणाला, तर तिथेच नाही म्हणा.

घरात लहान मुलं असतील, कामाचं शेत नसेल आणि शांत सोबती हवा असेल, तर पिल्लाऐवजी आसरागृहातला तीन-चार वर्षांचा लर्चर घ्या. त्याची उंची, केस, मांजरांशी वागणूक, सगळं तोवर ठरलेलं असतं. सकाळ-संध्याकाळ कुंपण असलेल्या मैदानात मोकळी धाव मिळाली की उरलेला दिवस तो झोपून काढतो. मोकळ्या रानात मात्र त्याचा पट्टा सोडू नका. ससा दिसला की तो तुमची हाक ऐकणार नाही.